सहा वर्षं, शेकडो खड्डे आणि सोन्याचं एकही नाणं नाही

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखक चाळिशी ओलांडलेले गृहस्थ. सहा वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी, जमीनमालकाची रीतसर परवानगी घेऊन, मेटल डिटेक्टरने जुनी शेतं आणि पडीक रानं पालथी घालतात. आजवर तांब्याची दोनशे नाणी, चांदीची अकरा, शिवाय बटणं, पट्ट्यांची बक्कलं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या आणि मोजता न येण्याइतके खिळे त्यांना मिळालेत. सोन्याचं नाणं मात्र एकही नाही. त्यांच्यामागून चार वर्षांनी या छंदाला लागलेल्या एका ओळखीच्या माणसाने अलीकडेच सोन्याचं नाणं हातात धरलेला व्हिडिओ टाकला, आणि तेव्हापासून यांचं मन उडालंय. आता एकजण त्यांना 'लांब पल्ल्याचं' यंत्र विकू पाहतोय. दोनशे मीटरवरून फक्त सोनं ओळखतं, असा त्याचा दावा. त्यासाठी साठवलेले पैसे मोडावेत का, असा विचार चाललाय आणि घरात त्यावरून धुसफूस आहे. पत्राच्या तळाशी त्यांनी जाता जाता लिहिलंय की अकरापैकी सात चांदीची नाणी एकाच शेताच्या एकाच कोपऱ्यात, दोन वर्षांत सुटी सुटी मिळाली. आणि शेवटी विचारतात: "माझं यंत्र चुकतंय, जागा चुकतेय, की मीच चुकतोय?"

तुमच्या प्रश्नात तीन संशयित आहेत: यंत्र, जागा आणि तुम्ही. तिघांनाही पिंजऱ्यात उभं करताना एक गोष्ट तुम्ही न तपासता मान्य केलीय, की सोन्याचं नाणं खाली आहे आणि कुणाच्या तरी चुकीमुळे ते वर येत नाहीये. आधी तेच तपासू या. बहुतेक शेतांत ते नाणं मुळात नसतंच, असं माझं मत आहे. आणि का नसतं ते नीट कळलं, तर गेले काही महिने तुम्ही स्वतःला जे बोल लावताय ते थांबतील, अशी मला आशा आहे.

ही नाणी होती कुणाकडे, इथून सुरुवात करू. सम्राट ऑगस्टसच्या काळात रोमन पायदळातल्या साध्या शिपायाला वर्षाला २२५ डेनारियस पगार होता. डेनारियस चांदीचं नाणं. सोन्याचं 'ऑरियस' २५ डेनारियसचं. म्हणजे माणसाची वर्षभराची चाकरी मोजून नऊ नाण्यांत बसत होती, आणि त्यातूनही अन्नाचे, कपड्यांचे पैसे कापले जात. त्याच्या हातात रोज खुळखुळायची ती 'अ‍ॅस' नावाची तांब्याची नाणी. एका ऑरियसला अशी ४००. छावणीबाहेरच्या गवतात त्याच्या कनवटीतून काय पडणार, ते तुम्हीच सांगा.

पुढच्या काळातही चित्र फारसं बदललं नाही. इंग्लंडात तिसऱ्या एडवर्डने १३४४ मध्ये 'नोबल' हे सोन्याचं नाणं काढलं, ते ८० पेनींचं होतं. एकोणिसाव्या शतकातलं सॉव्हरिन एक पौंडाचं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबात २४० पेनींचं. आता एक कच्चा हिशेब करा. समजा लोकांनी पेनी आणि सॉव्हरिन सारख्याच बेफिकिरीने हरवले असते, आणि हरवलेल्या पैशाची एकूण किंमत दोन्हीकडे सारखीच भरली असती, तरीही एका सॉव्हरिनमागे २४० पेनी जमिनीत गेल्या असत्या. तुमची तांब्याची दोनशे नाणी या हिशेबात अजून एका सोन्याच्या नाण्यालाही पुरत नाहीत.

आणि बेफिकिरी सारखी नव्हती. माझी बहीण लहान असताना तिच्या कानातलं सोन्याचं फूल खेळताना पडलं. त्या संध्याकाळी घरातलं कुणी जेवलं नाही. केर चाळला, अंथरुणं झटकली, मोरीचं तोंड उघडून हात घातला, अंगणातली माती मुठी-मुठीने पसरून पाहिली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता उन्हाच्या पहिल्या तिरपीत ते पायरीच्या फटीत चमकलं. त्याच आठवड्यात कुणाच्या खिशातून सुटे पैसे पडलेही असतील. ते कुणी शोधले नाहीत, कारण कुणाला कळलंच नाही.

त्या फुलाचं चमकणं मला महत्त्वाचं वाटतं. तांबं मातीत पडलं की काही महिन्यांत काळवंडतं, मग हिरवट होतं, आणि ढेकळासारखंच दिसू लागतं. सोनं गंजत नाही. आज पडलेलं नाणं पुढच्या पावसाने धुतलं की पुन्हा तसंच लखलखीत दिसतं. म्हणून हरवणाऱ्याला नाही सापडलं तरी मागून येणाऱ्या गुराख्याला, नांगरणाऱ्याला, वेचणी करणाऱ्या बाईला सापडतं. गेल्या हजार-दोन हजार वर्षांत त्या शेतात किती डोळे फिरले असतील! तुम्ही रांगेत अगदी शेवटी उभे आहात. शिवाय सोनं लोक सहसा सुटं बाळगत नसत. पिशवीला गाठ, पिशवी कमरेला, नाहीतर नाणं सरळ कपड्याच्या शिवणीत.

आता जी नाणी हरवलीच नाहीत, त्यांचं काय झालं? बहुतेक वितळली. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजाने १२५७ च्या सुमारास सोन्याची पेनी काढली आणि तिची किंमत चांदीच्या २० पेनी ठरवली. पण तिच्यातलं सोनं त्याहून महाग होतं. लोकांनी ती मुशीत घातली. आज जगात अशी जेमतेम आठ नाणी ठाऊक आहेत. त्यांतलं एक २०२१ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या शेतात एका छंदिष्टाच्या डिटेक्टरखाली आलं, म्हणून त्याची एवढी बातमी झाली. पुढे अनेक राजवटींनी आधीच्यांची नाणी गोळा करून स्वतःच्या छापाची पाडली. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटनने एक पौंडाच्या आणि दहा शिलिंगांच्या नोटा काढल्या, आणि सॉव्हरिन लोकांच्या हातांतून बँकांकडे परत गेले. अमेरिकेत एप्रिल १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढून, १०० डॉलरपर्यंतची सूट आणि संग्राहकांची दुर्मीळ नाणी सोडली तर बाकी सोन्याची नाणी जमा करायला लावली. त्यांतली प्रचंड संख्येने वितळून विटा झाली. तांब्याच्या जुन्या पैशासाठी इतकी यातायात कुणी केली नाही, म्हणून तो तुमच्या वाट्याला आला.

यात आणखी एक भर घाला. माणसाने आजवर खाणीतून काढलेलं सगळं सोनं दोन लाख टनांच्या थोडं वर भरतं, आणि त्यातलं सुमारे दोन तृतीयांश १९५० नंतर निघालंय. म्हणजे ज्या जुन्या काळातलं नाणं तुम्ही शोधताय, त्या काळी जगात सोनंच थोडं होतं, आणि तेच पुन्हा पुन्हा आटवून वापरलं जात होतं.

"मग ते मोठमोठे साठे कसे सापडतात?" असं तुम्ही म्हणाल. तुमच्या मनातलं सोन्याचं चित्र त्या बातम्यांनीच घडवलंय, म्हणून त्यांच्याकडेही जरा जवळून पाहू.

१९९२ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यात, हॉक्सन गावी, एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला त्याचा मित्र डिटेक्टर घेऊन गेला आणि रोमन काळातल्या फार मोठ्या ठेव्यावर जाऊन थडकला. एकूण १४,८६५ नाणी. त्यांत सोन्याची ५६९. अतिश्रीमंत घराने पेटीत घालून पुरलेल्या ठेव्यातही सव्वीस नाण्यांमागे एक सोन्याचं! २०१० मध्ये इंग्लंडातच फ्रूम गावाजवळ एकाच मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी सापडली, आणि त्यांत सोन्याचं एकही नव्हतं. उलट २००९ चा स्टॅफर्डशरचा ठेवा सोन्याने भरलेला होता, तलवारींच्या मुठींचे जडावाचे तुकडेच तुकडे, पण नाणं एकही नाही. आता जिथे खरंच फक्त सोन्याची नाणी मिळाली ते ठेवे बघा. जर्मनीत ट्रियरला १९९३ मध्ये अडीच हजारांच्या आसपास ऑरियस निघाले, ते बांधकामासाठी पाया खणताना. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये १,४२७ सोन्याची नाणी मिळाली. ती एका जोडप्याला कुत्र्याला फिरवताना सापडली; गंजलेल्या डब्याची कड जमिनीतून वर आली होती, ती नजरेला पडली.

या सगळ्या ठेव्यांत एक गोष्ट समान आहे. ती नाणी कुणी हरवलेली नव्हती, मुद्दाम पुरली होती. असा माणूस एरवी परत येतो आणि आपलं धन काढून नेतो. तो ज्या थोड्या वेळी येऊ शकला नाही, कारण युद्धात मेला, परागंदा झाला, कुणाला न सांगता आजारात गेला, तेवढेच ठेवे आपल्यासाठी उरले. आणि पुरणारा माणूस खोल पुरतो. तुमच्या यंत्राला एकट्या नाण्याची चाहूल चांगल्या जमिनीत साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत लागते.

इथवर मी जागेबद्दल आणि तुमच्याबद्दल बोलले. राहिलं यंत्र. इथे मात्र तुमचा संशय थोडा खरा असू शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डिटेक्टरच्या कॉइलमधून, म्हणजे टोकाच्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून, बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. खाली धातू असला तर त्यात भोवऱ्यासारखे वीजप्रवाह फिरू लागतात, आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र कॉइलकडे परत येतं. ते किती जोरात आणि किती मागाहून येतं, यावरून यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं. हा आकडा धातूचं नाव सांगत नाही. तो धातू वीज किती सहज वाहतो, वस्तू केवढी आहे, किती जाड आहे, आडवी पडलीय की उभी, या सगळ्यांचं मिळून एक उत्तर असतं. चांदी आणि तांबं वीज उत्तम वाहतात, म्हणून त्यांची नाणी आकड्यांत वर बसतात आणि कानाला उंच, स्वच्छ सूर देतात. शुद्ध सोनं त्यांच्याखालोखाल आहे, पण नाण्यासाठी त्यात दुसरा धातू मिसळला की वीज वाहण्याची ताकद बरीच उतरते. त्यात नाणं लहान असलं तर आकडा आणखी खाली. अमेरिकेचं एक डॉलरचं जुनं सोन्याचं नाणं १३ मिलिमीटरचं, वजन १.६७ ग्रॅम. शर्टाच्या बटणाएवढं! आकड्यांच्या त्याच मधल्या पट्ट्यात आणखी कोण राहतं? अॅल्युमिनियमचं फॉइल, कापला गेलेला कॅनचा पत्रा, आणि १९६०-७० च्या दशकांत कॅनवरून उपटून फेकल्या जाणाऱ्या त्या ओढायच्या कड्या.

तुम्ही लिहिलंय की कचऱ्याला कंटाळून पहिल्याच वर्षी तुम्ही "कड्या आणि फॉइल बंद" असं सेटिंग करून टाकलं आणि तेव्हापासून ते कायम आहे. हे वाक्य तुम्ही अभिमानाने लिहिलंय, आणि ते मी समजू शकते. एका दिवसात तीस कड्या खणल्यावर कुणाचाही धीर सुटेल. पण डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे सूर बंद करणारं सेटिंग, त्या जागी लावलं की यंत्र कडीसोबत लहान सोन्याच्या नाण्यालाही गप्प करतं. त्याला दोघांत फरक करता येत नाही. गेली पाच वर्षं तुम्ही ज्या सुरांवर खणलंत ते तांब्याचे आणि चांदीचे सूर होते, आणि तुम्हाला मिळालं तेच, तांबं आणि चांदी. यंत्राने तुमचं म्हणणं तंतोतंत ऐकलं.

यामुळे तुमच्या हातून सोन्याची नाणी निसटली असतील, असं मी म्हणत नाहीये. वर सांगितलेला सगळा हिशेब जागच्या जागी आहे. शंभरातल्या नव्व्याण्णव मधल्या सुरांखाली अॅल्युमिनियमच असेल. पण एक प्रयोग घरी करून बघा. सोन्याच्या तीन-चार वस्तू घ्या, एखादी बारीक अंगठी, एखादी जाड अंगठी, असेल तर नाणं किंवा पदक. यंत्राचं सगळं डिस्क्रिमिनेशन काढा आणि प्रत्येक वस्तू कॉइलसमोरून दोन्ही बाजूंनी फिरवून आकडा वहीत लिहा. मग आपल्या कचऱ्याच्या डब्यातल्या कड्या आणि फॉइलचे गोळे घेऊन तेच करा. दोन्ही रकाने शेजारी ठेवले की मी इथे दोन परिच्छेदांत जे सांगितलं ते तुम्हाला एका नजरेत दिसेल. त्यानंतर ठरवा. रस्त्याकडेच्या, सहलीच्या जागी कड्या बंद ठेवणं शहाणपणाचं आहे. पण गावापासून दूर, जिथे कॅन घेऊन कुणी बसत नाही अशा जुन्या शेतात सगळे सूर उघडे ठेवा आणि लोखंड सोडून प्रत्येक सिग्नलवर खणा. खणून होणार नसेल तर शेताचा तुकडा लहान घ्या. एकरभर भराभर चालण्यापेक्षा दहा पावलांची जागा कॉइल एकमेकांवर चढवत, संथपणे बघणं जास्त फळतं. नुकतीच नांगरट झालेली, थोडी ओल असलेली जमीन सगळ्यांत चांगली.

आता त्या लांब पल्ल्याच्या यंत्राबद्दल. घेऊ नका. या बाबतीत मी दोन बाजू मांडणार नाही, कारण दुसरी बाजू नाहीये.

लहान नाण्याकडून परत येणारा सिग्नल अंतराबरोबर फार वेगाने विरतो. कॉइलच्या आकाराहून खोल गेलं की अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल ढोबळमानाने चौसष्टावा हिस्सा उरतो. वीस सेंटिमीटरवरून दोनशे मीटरवर जायचं म्हणजे अंतर हजार पट. त्याच हिशेबाने सिग्नल किती पटींनी क्षीण होईल? एकावर अठरा शून्यं. आणि एवढ्यातून 'फक्त सोनं' वेगळं काढायचं! समोर कॉइल ठेवून सोनं आणि कडी वेगळी सांगता येत नाही, तिथे. अशी फिरत्या दांडीची यंत्रं जगभर विकली गेली आहेत. त्याच जातीचं एक उपकरण 'बॉम्बशोधक' म्हणून इराकच्या तपासणी नाक्यांवर वापरलं गेलं. त्याचं मूळ गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यात होतं. ते विकणाऱ्याला ब्रिटनच्या न्यायालयाने २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. तोवर त्या दांडीवर विश्वास ठेवून माणसं मेली होती.

तरीही मन मानत नसेल तर विक्रेत्यापुढे एक अट ठेवा. दहा सारखे बंद डबे, एकात सोन्याची अंगठी. अंगठी जो ठेवेल तो मग तिथून निघून जाईल, आणि ती कोणत्या डब्यात आहे हे उरलेल्या कुणालाही ठाऊक नसेल. यंत्राने डबा ओळखायचा. असं दहा वेळा. नुसत्या नशिबाने दहांत एखाद वेळ बरोबर येईल. आठ वेळा आलं तर मला पुन्हा लिहा. माझा अंदाज आहे की तो माणूस ही चाचणी टाळेल, "आज हवा दमट आहे" किंवा "सोनं जमिनीत बरीच वर्षं मुरलेलं लागतं" असं काहीतरी सांगेल. तेच तुमचं उत्तर समजा, आणि हे उत्तर घरातही मोकळेपणाने सांगा. धुसफूस छंदाबद्दल नसून या खरेदीबद्दल असावी, असं पत्र वाचताना मला वाटत राहिलं.

त्या ओळखीच्या माणसाला नाणं मिळालं याचा आनंद तुम्हाला झाला नाही, आणि त्याची तुम्हाला लाजही वाटली, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. एवढंच सांगते: खिळे निघालेल्या दिवसाचा व्हिडिओ कुणी टाकत नाही. हजारो लोक दर आठवड्याला शेतं तुडवतात, त्यांतल्या एखाद्याला सोनं लागतं आणि तेच तुमच्या पडद्यावर येतं. त्या एकाशी तुम्ही आपली सहा वर्षं मोजताय.

एक प्रश्न स्वतःला विचारून बघा. सोन्याचं जुनं नाणं हातात घ्यायचंय, की ते मातीतून काढायचंय? पहिलं असेल तर ते तुमच्या आवाक्यात आहे. काही संग्रहालयांत नाणी जवळून अभ्यासायला मिळतात, आणि नावाजलेल्या नाणे-व्यापाऱ्याकडून रीतसर पावतीसह लहानसं अस्सल नाणं विकत घेता येतं. त्या बनावट यंत्रावर उडणाऱ्या पैशांचा तो कितीतरी चांगला उपयोग होईल. दुसरं असेल, तर पुढची वीस वर्षंही ते कदाचित मिळणार नाही, हे धरून चालावं लागेल. तसं धरल्यावर सुट्टीच्या सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर यंत्र विकून टाका. छंद सोडणं म्हणजे हरणं असं मला वाटत नाही. आणि तरीही उठावंसं वाटत असेल तर तुमच्याकडे करण्यासारखं पुष्कळ आहे.

त्यातलं पहिलं काम तुमच्याच पत्राच्या तळाशी दडलंय. सात चांदीची नाणी. एकच शेत, एकच कोपरा, दोन वर्षं. सहा वर्षांत तुम्हाला मिळालेल्या एकूण चांदीच्या नाण्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश एका कोपऱ्यातून आली, आणि ते तुम्ही एका ओळीत उरकलंत, कारण ते सोनं नव्हतं! ही नाणी एकेकट्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी पाडली असं मला वाटत नाही. तिथे जुना बाजार, नदीच्या उतारावरची नाव किंवा वाटसरूंचा मुक्काम असू शकतो. नाहीतर कुणीतरी पुरलेली पिशवी नांगराच्या फाळाने फुटून दर नांगरटीला थोडी थोडी पसरत असेल. या दोन शक्यता वेगळ्या करायच्या तर नाण्यांच्या तारखा आणि जागा लागतील. सातही नाणी एकाच राजाची किंवा जवळजवळच्या वर्षांची निघाली तर पिशवीची शक्यता वाढते. दोन-तीनशे वर्षांत विखुरलेली निघाली तर वहिवाटीची.

म्हणून आता तिथे खणू नका. आधी आठवून, जमेल तितक्या नेमकेपणाने, प्रत्येक नाणं कुठे मिळालं ते कागदावर मांडा. इथून पुढे फोनमधलं जीपीएस वापरा आणि प्रत्येक वस्तूची जागा, खोली, तारीख लिहा, खिळ्यांचीही. नाणी घासू नका. सोडा नाही, लिंबू नाही, ब्रश नाही. माती सैल असेल तर साध्या पाण्यात बुडवून काढा, बास. मग ती नाणी आणि तो कागद घेऊन जवळच्या संग्रहालयातल्या नाणेतज्ज्ञाकडे किंवा पुरातत्त्व खात्याकडे जा. हॉक्सनला त्या माणसाने पहिल्या काही ओंजळी काढल्यावर हात थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवलं. पुढचं खोदकाम पुरातत्त्वज्ञांनी केलं, म्हणून कुजून गेलेल्या लाकडी पेटीची आणि तिच्या आतल्या छोट्या डब्यांची मांडणी कळू शकली. भराभर उपसलं असतं तर नाणी मिळाली असती आणि पेटी कायमची गेली असती.

कायदाही इथे आड येतो, आणि तो देशागणिक वेगळा आहे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी सोन्याची किंवा चांदीची दोन नाणी एकाच ठेव्यातली असली तरी चौदा दिवसांत कळवावं लागतं. आयर्लंडमध्ये पुराणवस्तू शोधायला डिटेक्टर वापरायचा तर आधी सरकारी संमती लागते. भारतात १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संरक्षित स्मारकांच्या जागी खणता येत नाही. तुमची सात नाणी आजवर तुमच्या कपाटात असतील तर तुमच्याकडचा नियम याच आठवड्यात विचारून घ्या. उशीर झाला असला तरी आपणहून गेलेल्या माणसाचं लोक ऐकून घेतात. जमीनमालकालाही सांगा, त्यालाही आपल्या शेताच्या कोपऱ्यात काय आहे ते जाणून घ्यायचा हक्क आहे, आणि पुढची परवानगी त्याच्याकडूनच यायची आहे.

तज्ज्ञाने नाण्यांच्या तारखा वाचून दिल्या की मला कळवा. सात नाण्यांची सात वर्षं, आणि कोपऱ्याचा तो कागद. त्यावर बाण काढून नांगरट कोणत्या दिशेने होते तेवढं मात्र शेतकऱ्याला विचारून आणा, कारण पिशवी फुटली असेल तर नाणी त्या दिशेने ओढली गेली असणार, आणि तिची मूळ जागा त्या बाणाच्या मागच्या टोकाला असेल.